जुन्या तारांचा पंचनामा

नव्या तारा जुन्या होतात. जुन्या तारा नव्या होत नाहीत. एवढं साधं गणित आहे, आणि याच गणिताच्या जोरावर मी तीस वर्षांची मैत्री असलेल्या माणसाला चारचौघांत चोर म्हणालो.

मी त्र्यंबक दातार. राहणार डोंबिवली पूर्व, वय एकोणसत्तर. नोकरीची पस्तीस वर्षं वीज कंपनीत काढली, त्यातली बरीचशी भरारी पथकात. म्हणजे लोक मीटरमध्ये काय काय करतात ते पकडायचं काम. मीटरला लोहचुंबक लावणारे पाहिले, आकडा टाकून पिठाची गिरणी चालवणारे पाहिले, आणि देवघरामागून वायर ओढून वर मलाच तीर्थ देणारेही पाहिले. त्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला, असं माझी बायको मंगला म्हणायची. मी म्हणायचो, संशयी नाही, सावध. सात वर्षांपूर्वी ती गेली आणि तो वाद तसाच राहिला.

नोकरीखेरीज आयुष्यात मी एकच गोष्ट मनापासून केली, ती म्हणजे बास गिटार. ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून जो माणूस धूम् धूम् करत असतो आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो मी. माझ्या बासला चार तारा आहेत. त्या मी १९९९ साली लावल्या, त्यानंतर बदलल्या नाहीत. लोकांना हे खोटं वाटतं, पण या फ्लॅटवाउंड तारा आहेत. साध्या तारेवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते, तिच्यावरून बोट फिरवलं की खरखरतं. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळतात, ती बोटाला गुळगुळीत लागते. खरं सांगायचं तर नव्या होत्या तेव्हा मला त्या मुळीच आवडल्या नव्हत्या. बोटाला चिकटायच्या, ताठ होत्या, आणि आवाज स्टीलचं ताट पडल्यासारखा. आपण फसवले गेलो म्हणून मी महिनाभर घरात कुणाशी धड बोललो नव्हतो.

वर्षभरात झगमगाट गेला. तीन वर्षांत ताठा गेला. बोटांचं तेल, घाम, आपल्याकडची दमट हवा, सगळं आत आत जात राहिलं आणि पाच-सहा वर्षांनी तो आवाज आला. धप्प, गोल, उगाच न रेंगाळणारा. लोणचं मुरतं तशा या तारा मुरतात. त्या पुसायच्या नाहीत, धुवायच्या नाहीत आणि तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, असा आम्हा वाजवणाऱ्यांत नियमच आहे. अलीकडे पाच-सहा वर्षांत तर त्या इतक्या मऊ झाल्या होत्या की सूर सुटे ऐकू यावेत म्हणून मी ॲम्पचा ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची धार वाढवणारं बटण, पूर्ण उघडा ठेवायला लागलो होतो.

अशा मालाला सील हवंच. नीरजाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, जुन्या नेलपॉलिशचा एकेक लाल थेंब मी चारही खुंट्यांवर, तार जिथे आत जाते तिथे लावून ठेवला होता. तार सोडवायची म्हटली तर थेंब फुटणार. सलिल यावरून मला खूप चिडवायचा. "अरे, तारा आहेत की ट्रान्सफॉर्मर?"

सलिल गुप्ते ठाण्याला कोलशेतला राहतो. तो गिटार वाजवतो, त्याची बायको हेमा गाते, आणि कल्याणहून धम्मपाल ऑक्टोपॅड घेऊन येतो. धम्मपाल आमच्यात सर्वांत लहान, म्हणजे चाळिशीचा. रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरीला आहे. एप्रिलभर जयंतीच्या कार्यक्रमांत तो आमच्या हाती लागत नाही, बाकी वर्षभर आमचा. दर रविवारी सकाळी सलिलच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आमची तालीम असते. वर्षाकाठी दहा-बारा कार्यक्रम मिळतात, बहुतेक ज्येष्ठ नागरिक संघांचे. श्रोते आमच्याच वयाचे असल्यामुळे चुका खपून जातात, असं हेमा म्हणते.

यंदा जुलैत नीरजाने माझ्या मागे लकडा लावला. ती घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते आणि तिथून जगातलं सगळं तिला स्पष्ट दिसतं, असा तिचा समज आहे.

"बाबा, तुमचा टीव्ही खालच्या मजल्यावरचे लोक ऐकतात."

"मग त्यांनी माझे आभार मानावेत."

शेवटी तिने मला माजिवड्याला कान तपासायला नेलंच. मग कानात घालायची दोन यंत्रं आली, वाटाण्याएवढी, कातडीच्या रंगाची. ती नीट बसेपर्यंत दोनदा-तीनदा जावं लागणार म्हणून एकवीस दिवस मी नीरजाकडेच राहिलो. तिच्या घरात बास आणि ॲम्प ठेवायला जागा नव्हती, म्हणून रविवारच्या तालमीनंतर दोन्ही सलिलकडे ठेवून गेलो. तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "काका, पहिले काही आठवडे भांडं वाजलं तरी दचकाल." तसं झालंही. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कानात पत्रा फाटायचा. पण हे सगळं माणसांचं बोलणं ऐकण्यापुरतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. संगीतात माझा कान कधीच कमी नव्हता. त्यामुळे मंडळींना यातलं काही सांगितलं नाही. केस कानांवर जरा वाढवले आणि एकवीस दिवसांनी तालमीला गेलो.

बास गळ्यात अडकवला, ॲम्प लावला, ट्रेबल नेहमीसारखा पूर्ण उघडला आणि पहिला सूर वाजवला.

स्टीलचं ताट पडलं.

मी थांबलो. पुन्हा वाजवलं. तारेवर बोट पडताना खट्, सरकताना सर्रर्र, आणि वर एक झिणझिणाट. सव्वीस वर्षांपूर्वी मी महिनाभर ज्याला शिव्या घातल्या, तोच आवाज. जुन्या तारा नव्या होत नाहीत. मग या नव्या आहेत. नव्या आहेत म्हणजे कुणीतरी बदलल्या. आणि गेले एकवीस दिवस बास एकाच माणसाच्या घरी होता.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. बोटांना काहीच वेगळं लागलं नव्हतं. तोच गुळगुळीतपणा, तोच ढिला, ओळखीचा ताण. बोटं म्हणत होती, अरे, आपल्याच आहेत. पण बोटांना कोण विचारतो?

मी मान खाली घालून खुंट्या तपासल्या. चारही लाल थेंब जागेवर. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. पण शाबूत सीलखाली चाललेली चोरी मी उभ्या आयुष्यात इतक्या वेळा पकडली आहे की शाबूत सील बघून माझा संशय वाढतोच. नेलपॉलिश काय, हेमाकडेही असणार. मग नजर ॲम्पवर गेली. ट्रेबलच्या बटणाशेजारी, तीनच्या आकड्यापाशी, एक बारीक पांढरा ठिपका होता. हा कधी आला? आणि मग आठवलं, मागच्या महिन्यात कल्याणच्या कार्यक्रमाआधी सलिल माझ्या ॲम्पवर वाकलेला मी पाहिला होता. विचारल्यावर म्हणाला होता, "काही नाही, वायर बघत होतो." शिवाय गेली दोन वर्षं हाच माणूस मला सांगत होता, "त्र्यंबक, एकदा नव्या तारा लावून तर बघ." मुरलेल्या तारांच्या शोधात असलेली माणसं असतात, हे मला ठाऊक आहे. साखळी जुळत चालली होती, आणि मला सांगायला लाज वाटते, पण मनातून बरं वाटत होतं. निवृत्त झाल्यापासून इतकी चांगली केस हातात आली नव्हती.

मी काही बोललो नाही. भरारी पथकाचा पहिला धडा, आधी बेसावध करा. दोन गाणी वाजवली. मला माझ्या तारांशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. चहा आला तसा "आलोच" म्हणून बाहेर पडलो, व्हरांड्यात पन्नासपर्यंत आकडे मोजले आणि चपला हातात घेऊन परत आलो.

सलिलचा हात माझ्या ॲम्पच्या ट्रेबलवर होता.

"सापडलास!" मी ओरडलो.

सलिल दचकला. हेमाच्या हातातला कप हिंदकळला.

"काय करत होतास?"

"काही नाही रे. सहज."

"सहज! आयुष्यभर हा शब्द ऐकला मी. सहज म्हणणारा एकही साव निघाला नाही. माझ्या तारा कुठे आहेत?"

"कुठल्या तारा?"

"माझ्या! या नव्या लावल्यास आणि आता आवाज दाबून ते लपवतोयस. नव्व्याण्णव सालच्या तारा होत्या त्या, सलिल. मंगला होती तेव्हापासूनच्या. बाकी काहीही न्यायचं होतंस."

सलिलचा चेहरा लाल झाला, त्याला काहीतरी सांगायचं होतं हे उघड दिसत होतं. त्याने एकदा धम्मपालकडे पाहिलं, एकदा हेमाकडे, आणि मग हात ॲम्पवरून काढून घेतला.

"त्र्यंबक, तारा त्याच आहेत. याच्यापुढे मी काही बोलणार नाही."

"मग आवाज कसा बदलला?"

हेमा म्हणाली, "भावजी, अहो, हे असं करतील का कधी?" मी म्हणालो, "उंदराला मांजर साक्ष." हे मी हेमाला म्हणालो, जिने मंगलाच्या आजारपणात चार महिने माझा डबा पाठवला होता. मग बास पिशवीत घातला, ॲम्प उचलला आणि निघालो. घरी पोचल्यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "मी चोरांबरोबर वाजवत नाही." दहा मिनिटांनी सलिल ग्रुपमधून बाहेर पडला. पुढच्या रविवारी डोंबिवलीत आमचा कार्यक्रम होता. गेला तर गेला, म्हटलं.

तीन दिवस मी मुद्द्यांची यादी केली. चौथ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तारा काढून बारकाईने तपासायच्या असं ठरवलं. बास मांडीवर घेतला तेवढ्यात कानातलं यंत्र किणकिणलं. चार्जिंग संपत आलं की ते तसं करतं. दोन्ही काढून डबीत ठेवली. तारा सोडवण्याआधी पुराव्यासाठी एकदा आवाज ऐकून घ्यावा म्हणून ॲम्प लावला.

धप्प. गोल. मऊ.

माझ्या तारा परत आल्या होत्या.

माझा स्वभाव किती बिघडला आहे बघा. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा घरात कोण आलं होतं?

मग हळूहळू अंगातलं वारं उतरलं. मी डबी उघडली. एक यंत्र कानात घातलं आणि तार छेडली. खट्, झिणझिण. काढलं. धप्प. घातलं. खट्. पाच वेळा केलं. सहाव्या वेळी यंत्र डबीत ठेवून दिलं. तारा सव्वीस वर्षांपूर्वी लावलेल्याच होत्या. त्या मुरायच्या तेवढ्या केव्हाच मुरल्या होत्या. गेली सहा वर्षं त्या आणखी मऊ होत नव्हत्या. माझे कान बंद होत होते, आणि मी ते श्रेय तारांना देत होतो.

काखेत कळसा म्हणतात, इथे तर कानात होता.

तरी एक मुद्दा उरत होता. मी काही इतक्या सहज केस बंद करणारा माणूस नाही. सलिलचा हात माझ्या ॲम्पवर का होता? मी धम्मपालला फोन केला. तो म्हणाला, फोनवर नको, आणि संध्याकाळी ड्यूटी संपवून थेट घरीच आला. चहा घेतला, बिस्किटं संपवली, तरी बोलेना.

"धम्मपाल, मला कानाचं यंत्र लागलंय," मीच म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला. "काका, मग आता सांगायला हरकत नाही. चिडणार नाही ना?"

"चिडेन. तू सांग."

"तुम्ही ट्रेबल फुल ठेवता ना, त्याने समोर बसलेल्यांना बासच ऐकू जायचा नाय. नुसती खटखट. पाच-सहा वर्षं झाली. कल्याणच्या एका प्रोग्रामला दोन आजी उठून गेलेल्या, आठवतं? तुम्ही म्हणालेलात, हेमाकाकू बेसूर झाल्या म्हणून."

आठवत होतं. ते मी हेमाला तोंडावरही सांगितलं होतं.

"त्याच्यानंतर सलिलकाका प्रत्येक प्रोग्रामच्या आधी, आणि तालमीत पण कधीकधी, तुमचा ट्रेबल तीनवर आणायचे. तुम्ही बाथरूमला गेलात की. संपलं की परत फुल करून ठेवायचे, तुम्हाला डाउट नको म्हणून. तो पांढरा डॉट पण त्यांनीच केलेला, स्टेजवर अंधारात दिसावा म्हणून. नव्या तारा लावा म्हणायचे ते पण तुम्हाला कमी ट्रेबलवर ऐकू यावं म्हणूनच."

"मला सांगितलं का नाही?"

"मी बोललेलो त्यांना, सरळ सांगून टाकू. त्यांनी मला शपथ घातली. म्हणाले, त्र्यंबकला कळलं की त्याला ऐकू येत नाही, तर तो त्या दिवशी बास खाली ठेवेल. आणि वहिनी गेल्यावर त्याच्याकडे दुसरं आहे काय?" धम्मपाल उठला. "त्या दिवशी चोर म्हणालात तरी बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर तिथेच सुनावलं असतं, खरंच सांगतो."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. रडलो, हे लिहायला हरकत नाही. सहा वर्षं एक माणूस मी पाठ फिरवण्याची वाट बघत होता, माझ्याच भल्यासाठी. आणि मी, ज्याला पाठ फिरवली की लोक फक्त चोरी करतात एवढंच आयुष्याने शिकवलं होतं, सलिलला पकडल्याच्या आनंदात होतो.

ग्रुपवर जिथे आरोप केला होता तिथेच लिहिलं, "चोर सापडला. माझे कान. सलिल आणि हेमाची मी जाहीर माफी मागतो." मग लक्षात आलं की सलिल तर ग्रुपमध्ये नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बास आणि ॲम्प गाडीत टाकून कोलशेतला गेलो. माजिवड्याच्या पुलाखाली पाऊण तास अडकलो होतो, तेवढ्यात माफीची चार वाक्यं पाठ केली.

हेमाने दार उघडलं. ती बाजूला झाली. सलिल पेपर वाचत होता, त्याने तो खाली केला नाही. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मी खाली बसलो, दोन्ही यंत्रं कानातून काढली, त्याचा पेपर खाली ओढला आणि त्यावर ठेवली.

"ही बघ. एकवीस दिवस हीच बसवून घेत होतो. तुला सांगायची लाज वाटली."

त्याने यंत्रं बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"गाढव आहेस," तो म्हणाला. एवढं ऐकायला मला यंत्र लागलं नाही.

मी ती परत कानात घातली, ॲम्प लावला, आणि या वेळी ट्रेबल उघडला नाही. त्याच्या पांढऱ्या ठिपक्यावर आणून ठेवला. तार छेडली. तोच आवाज. धप्प, गोल, मुरलेला. गेली सहा वर्षं मी जो ऐकतोय असं समजत होतो, तो आज पहिल्यांदा खरोखर ऐकला. लोक मात्र तो दर कार्यक्रमाला ऐकत आले होते, सलिलच्या कृपेने.

"घे गिटार," मी म्हणालो. "रविवारी कार्यक्रम आहे."

त्याने थोडे आढेवेढे घेतले, मग गिटार घेतली. पहिलं गाणं सुरू केलं. आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीच्या तुकड्यात मला ते ऐकू आलं. सलिलचं अनामिकेचं बोट तारेवर पुरतं दाबलं जात नव्हतं. सूर अर्धा मरत होता, पुढचा उशिरा येत होता. पुढच्या वेळीही तसंच. बोटाचा सांधा सुजलेला होता. इतका वेळ समोर असून मी पाहिला नव्हता. हे आजचं नव्हतं, हे वर्षांचं होतं, आणि माझ्या बंद कानांत ते कधी शिरलंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात हेमा उभी होती. ती माझ्याकडे एकटक बघत होती. तिला कळलं होतं की आता मला ऐकू येतं.

गाणं संपलं. सलिलने बोट चोळलं आणि अगदी सहज असल्यासारखं विचारलं, "कशी वाटली रे गिटार? आता तुला सगळं स्पष्ट येत असेल."

पंचनामा करताना मी कधी कुणाला सूट दिली नाही. सख्ख्या मावसभावाचं मीटरही सोडलं नव्हतं.

"पहिल्यासारखीच," मी म्हणालो.

हेमा आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मी दचकलो नाही.

रविवारी कार्यक्रम झाला. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी, जिथे त्याचं बोट अडखळतं तिथे, मी बास जरा जोरात वाजवला. आता दर वेळी तसाच वाजवतो.